वीतभर कोंब

त्या बागेत जे उगवे ते सारे स्वयंपाकघराचे होते. तसे कोणी लिहून ठेवले नव्हते, पण मुळ्यापासून भोपळ्यापर्यंत सर्वांना ते ठाऊक होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती.

पूर्वेच्या कडेला शतावरीचा वाफा होता. मातीखाली तिचा जुना गड्डा होता; त्याला सारी बाग थोरली म्हणे. मुळा दीड महिन्यात येई आणि जाई. थोरली वीस वर्षे एकाच जागी होती. थंडी सरली की तिच्या अंगावरचे डोळे फुगत आणि एकेक कोंब वर जाई. वीतभर झाला की सुरी येई.

मथुबाई नावाची म्हातारी तेव्हा बाग पाहत असे. लावणीनंतर पहिली दोन वर्षे तिने एकाही कोंबाला हात लावला नव्हता. पुढेही ती दरसाल चाळीस दिवस कापी, आणि एके सकाळी सुरी पदराला पुसून म्हणे, "पुरे झालं गं. आता तुझं तुला." मग मागून आलेले कोंब माणसाच्या खांद्याइतके वाढत, पिसाऱ्यासारखे फुलत आणि दिवसभर ऊन पिऊन त्याची गोडी खाली धाडत. त्या गोडीवर थोरलीचे पुढचे वर्ष निघे.

मथुबाईचे गुडघे गेले आणि तिचा पुतण्या हैबती कामावर आला. तो दुष्ट नव्हता. पाणी वेळेवर देई, तण राहू देत नसे. चाळीस दिवसांची गोष्ट मथुबाईने त्याला सांगितली होती, आणि ती त्याने मालकीणबाईंच्या कानावरही घातली. वरच्या घरात त्या वर्षी पाहुणे फार होते.

"येताहेत ना अजून कोंब?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग काप."

हैबतीने कापले. पन्नास दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस, कोंब यायचे थांबेपर्यंत. पुढच्या वर्षीही तसेच. कोंब अंगठ्याएवढे होते ते करंगळीएवढे झाले, आणि तिसऱ्या वर्षी काडीएवढे.

घेवड्याचा वेल भिंतीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चढला होता. वरचे जे काही बागेला कळे ते त्याच्याकडूनच.

"काय होतं रे त्यांचं तिथं?" थोरलीने विचारले. इतक्या वर्षांत तिने कधी विचारले नव्हते.

"लोण्यात परततात. वर लसूण. चांदीच्या ताटात मांडतात," घेवडा म्हणाला. "फार कौतुक होतं."

"अजूनही?"

घेवडा म्हणाला, "आता बारीक येतात. ते ताटात नाही ठेवत. उकळून सार करतात, चोथा टाकून देतात."

त्या दिवसापासून थोरलीने वर काही धाडले नाही. डोळे फुगले, तरी तिने ते मातीखालीच धरून ठेवले. आठ दिवस वाफा सपाट राहिला. नवव्या दिवशी हैबती कुदळ घेऊन आला. शेजारचा चुक्याचा वाफा त्याने आदल्या दिवशीच खणून काढला होता. त्याची मुळे उन्हात वाळत पडली होती.

"हा मेला वाटतं," तो स्वतःशीच म्हणाला. "उद्या उपटून इथे कोबी लावू."

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत वाफ्यात अकरा कोंब उभे होते. हैबतीने कुदळ परत नेली आणि सुरी आणली.

तेव्हा पलीकडची भोपळी बोलली. तिची पाने ताटाएवढी होती. "एक इकडे माझ्या बाजूला काढ," ती म्हणाली. "मी झाकते. माझं पान कोण उचलतंय?"

थोरलीने सर्वांत धाकटा डोळा निवडला आणि त्याला आडवा, भोपळीच्या पानाखाली वर काढला. तो वीतभर झाला; सुरी आली नाही. तो हातभर झाला. पानाच्या कडेने येणाऱ्या उन्हात त्याचा पिसारा उलगडला, आणि तीन वर्षांनी प्रथमच थोरलीकडे थोडीशी गोडी उतरली. ती इतकी कमी होती की आधी थोरलीला ती ओळखता आली नाही. बारा दिवस ती उतरत राहिली. थोरलीच्या अंगावर दोन नवे डोळे धरले.

"वाकून राहा," भोपळी त्या कोंबाला रोज सांगे. तोही वाकून राही. पण भोपळीला फळ धरले होते, आणि तेराव्या दिवशी हैबती ते पाहायला आला. त्याने पान उचलले.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने मालकीणबाईंना हाक मारली.

"अगबाई, किती नाजूक आहे," त्या खाली बसून म्हणाल्या. "याची भाजी नाही करायची हं." त्यांनी स्वतःच्या हाताने, अगदी मुळाशी, हलकेच तो कापला आणि पदर सावरत वर नेला.

भोपळी नंतर कितीतरी वेळ म्हणत होती की तिने पान घट्ट धरले होते.  थोरलीने फक्त घेवड्याला विचारले, "सारात घातला?"

"नाही," घेवडा म्हणाला. "जिवंत आहे. खिडकीत काचेच्या पेल्यात उभा आहे, हिरवागार. येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, बाग काय सुपीक आहे."

तेवढ्यावर थोरली त्याची गोडी उतरण्याची वाट पाहत राहिली. ते दोन डोळे तिने जपले. पण खालून त्यांना द्यायला काही उरले नव्हते, आणि ते हळूहळू मऊ पडले.

खिडकीत ऊन चांगले येई. पिसारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पिई, त्याची गोडी करी आणि सवयीने खाली धाडी. ती देठातून उतरून कापलेल्या टोकाशी येई आणि पाण्यात विरघळे. मालकीणबाई रोज सकाळी पेला उचलीत, गढूळलेले पाणी मोरीत ओतीत आणि ताजे भरून ठेवीत.