मशीनला खोबरेल कुणी पाजलं?

शेवग्याच्या झाडावर टिल्ली राहायची. टिल्ली म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंसं. तुमच्या मुठीत मावेल. थंडीचे दिवस होते. टिल्लीची एक गोधडी होती, तिच्याच मापाची. ती फांदीला अडकली. टर्रर्र! मधोमध फाटली. टिल्लीला हुडहुडी भरली.

झाडाखाली इंदूकाकूंचं घर. घरात शिवणाचं मशीन. जुनं, काळं, पायानं चालवायचं. टिल्ली दाराच्या फटीतून आत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मशीन, मशीन, गोधडी शिव. गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

मशीन म्हणालं, "नाही शिवणार. कुणीतरी मला खोबरेल पाजलं. ते थंडीनं गोठलं. माझं चाकच फिरत नाही. आधी फडक्याला पुसायला सांग."

आता यात टिल्लीचा काय दोष? पण गेली बिचारी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फडक्या, फडक्या, मशीन पूस. मशीन शिवेना, गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

फडकं म्हणालं, "नाही पुसणार. खोबरेल घट्ट झालंय. मी घासून घासून फाटेन. आधी उन्हाला आत बोलाव."

टिल्ली अंगणात गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, आत ये. फडकं पुसेना, मशीन शिवेना, गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

ऊन म्हणालं, "नाही येणार. मशीनसमोरची खिडकी बंद आहे. आधी खिडकीला उघडायला सांग."

टिल्लीनं पाय आपटला. तरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खिडकी, खिडकी, उघड. ऊन येईना, फडकं पुसेना, मशीन शिवेना, गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

खिडकी म्हणाली, "नाही उघडणार. कडी आतून लावलीय. आधी काकूंना उठायला सांग."

इंदूकाकू पाटावर बसल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून.

"काकू, काकू, उठा. खिडकी उघडेना, ऊन येईना, फडकं पुसेना, मशीन शिवेना, गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

काकू म्हणाल्या, "नाही उठणार. मी रुसलेय. माझ्या आईनं दिलेलं मशीन ते. घरात माणसं दोन. मी खोबरेल घातलं नाही. मग घातलं कुणी? आधी काकांना कबूल व्हायला सांग."

वामनकाका ओसरीवर पेपर वाचत होते. केस कसे चापूनचोपून बसवलेले. शेजारी खोबरेलाची बाटली.

"काका, काका, कबूल व्हा. काकू उठेनात, खिडकी उघडेना, ऊन येईना, फडकं पुसेना, मशीन शिवेना, गोधडी जुळेना, मला वाजते थंडी."

काका पेपरामागून म्हणाले, "मला काय ठाऊक?"

झालं. टिल्लीची शेपटी फुलली. ती सरसर पेपरावर चढली. थेट काकांच्या नाकासमोर.

"बाटलीच्या बुचाला मशीनचा काळा मळ लागलाय, काका. डोक्याचं तेल तुम्ही मशीनला घातलंत. मशीन नाही म्हणतं, फडकं नाही म्हणतं, सगळे मलाच नाही म्हणतात. मी थंडीनं कुडकुडते. आणि तुम्ही खुशाल पेपर वाचता? शोभतं का हे?"

काकांचे कान लाल झाले. पेपर खाली आला.

"नाही शोभत," काका म्हणाले. "मीच घातलं. मशीनचं तेल संपलं होतं. मला वाटलं, तेल ते तेल."

काका सायकलवरून दुकानात गेले. मशीनचं तेल घेऊन आले. काकूंसमोर उभे राहिले. म्हणाले, "चुकलं माझं."

काका कबूल झाले, काकू उठल्या. कडी निघाली, खट्ट. खिडकी उघडली, कर्रर्र. ऊन आत आलं. मशीनच्या पाठीवर बराच वेळ बसलं. खोबरेल वितळलं. फडक्यानं पुसलं, खसाखसा. काकांनी नवं तेल घातलं, टप टप. चाक फिरलं, गरगर गरगर.

पण टीप सैल पडली. काकूंनी दोऱ्याचा स्क्रू जरासा पिळला. चिंधीवर शिवून पाहिलं. आणखी जरासा पिळला. आता टीप घट्ट बसली. मग मशीननं गोधडी शिवली, खडड खडड, खडड खडड.

काका म्हणाले, "ये टिल्ली, माझ्या मांडीवर बस."

टिल्ली गेली नाही. ती काकूंच्या मांडीवर बसली. गोधडी नाकापर्यंत ओढली. आणि काकांकडे पाठ केली.