चंदनी मुठीतलं रडू

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता, शलाका नावाची त्याची तरुण राणी होती, आणि त्यांना ऊर्मी नावाची मुलगी होती, जी रडली की आवाज वस्तऱ्यातून यायचा.

हो, वस्तऱ्यातून. आभाळातून पडलेल्या लोखंडाचं पातं, चंदनाची मूठ, आणि पातं मुठीत मिटायचं कसं, तर कळी मिटावी तसं. राजघराण्यातल्या प्रत्येक लेकराचं जावळ त्याच वस्तऱ्याने उतरत आलेलं.

झालं होतं असं, की राजाने बाग फुलवायची म्हणून वेशीबाहेरची दलदल आटवली. त्या दलदलीत ओलकंठ नावाचा मांत्रिक राहत असे. बारशाच्या दिवशी तो भर दरबारात आला. जिथे पाऊल टाकी, तिथे फरशीवर शेवाळ उगवे. त्याने पाळण्यावर फुंकर मारली, बाळाचा आवाज ओंजळीत धरला आणि वस्तऱ्याच्या मुठीत कोंडला.

"राजा, पहिल्या वाढदिवशी याच वस्तऱ्याने हिचं जावळ उतरव. पात्यावर गंजाचा ठिपकाही नसेल, तर आवाज मोकळा होईल. ठिपका असेल, तर आवाज माझा. मूठ तडकली, फुगली, डागाळली, तरीही माझा."

"एवढंच?" राजाने विचारलं.

"एवढंच," मांत्रिक म्हणाला, आणि हसत हसत पाणी होऊन उंबऱ्यावरून वाहून गेला.

तेव्हापासून राणीच्या जिवाला घोर. बाळ पाळण्यात ओठ काढी, आणि टाहो उशाशी ठेवलेल्या वस्तऱ्यातून उठे. राणी आधी वस्तऱ्याकडे धावे, मग बाळाकडे. मूठ छातीशी धरी, थोपटी, अंगाई म्हणे. मग पातं उघडून बघे, पदराने पुशी, घट्ट मिटून मखमलीत गुंडाळी आणि पेटीत ठेवी. मुलगी रांगायला लागली, तशी पेटीला कुलूपही आलं. याहून जास्त काळजी कुठल्या आईने घेतली असती, सांगा बरं!

आणि तरी रोज सकाळी पात्यावर तांबडा ठिपका.

राजवैद्य लिंबू घेऊन आले. गंज उतरू लागला, पण रस ओघळत मुठीकडे निघाला, तशी मूठ अशी किंचाळली की राणीने वस्तरा ओढूनच घेतला. प्रधानजी म्हणाले, आख्खा वस्तरा तेलाच्या बुधल्यात बुडवू. बुडवण्याआधीच मुठीतून गुदमरल्यासारखा आवाज आला. मग राणीचा थोरला भाऊ सेनापती रणधीर निखाऱ्यांची परात घेऊन हजर.

"शलू, आगीपुढे गंज टिकत नाही."

"दादा, आणि चंदन टिकतं का?"

सेनापतीने परात घेऊन माघार घेतली. उभ्या आयुष्यातली ती त्याची पहिली माघार.

वाढदिवसाची आदली सकाळ उजाडली. ठिपका आता मसुराएवढा झाला होता. राणी उठली आणि म्हणाली, "मी दलदलीकडे जाते. जिथून शाप आला, तिथेच त्याची तोड असेल."

"घोडा तयार आहे," राजा म्हणाला.

"घोड्यावर तिला उचक्या लागतात, महाराज."

राणी पायी निघाली. कडेवर ऊर्मी, कमरेला वस्तरा, पाठीवर गाठोडं. गाठोड्यात दुपटी, बाळगुटी, मालिशचं तिळाचं तेल, कापूस, शेकायची शेगडी. अर्ध्या वाटेवर आठवलं, की काजळ राहिलं. परत फिरावं का, असा विचारही तिने केला. पण नाही फिरली.

दलदल म्हणून उरलं होतं एक डबकं, डबक्यात एक काळा खडक, आणि खडकावर पंख पसरून बसलेला म्हातारा पाणकावळा.

"आलीस?" पाणकावळा म्हणाला. पक्षी बोलला याचं राणीला नवल वाटलं नाही. त्या राज्यात सगळेच बोलत. बोलत नव्हती ती एकटी तिची लेक. "दाखव पातं."

राणीने दाखवलं. पक्ष्याने चोच जवळ नेली.

"ओलं मिटलं कुणी?"

"मीच. मुलगी रांगते हो. उघडं कसं ठेवू?"

"पुसलं कशाने?"

"पदराने."

"पदर कोरडा होता?"

राणीने पदराकडे पाहिलं. दूध, लाळ, डोळ्यांचं पाणी. बाळ झाल्यापासून तो पदर कोरडा असा कधी नव्हताच.

"शाप त्याने दिला," पाणकावळा म्हणाला, "पण पाणी तू घातलंस. त्याला ठाऊकच होतं, आई मिटून ठेवणार. ओलं पातं मिटलं की मुठीच्या पोटात ओल राहते, आणि त्या ओलीवर गंज पोसतो. रडत बसू नकोस, पुन्हा पदर भिजेल. तीन कामं सांगतो, ती कर."

राणीने नाक पुसलं. दुपट्याने पुसलं, पदराने नाही.

"पहिलं काम. गंज उतरव, पाण्याशिवाय. पातं मुठीत जिथे खिळलंय, तिथे ओल लपते, तीही काढ."

राणीने गाठोडं सोडलं. शेगडीतली मऊ राख एका कोरड्या दुपट्याच्या टोकावर घेतली आणि मुठीकडून धारेकडे, हलक्या हाताने पातं घासलं. ठिपका मसुराचा मोहरीएवढा झाला, मोहरीचा नाहीसा झाला. राख झटकून तिने कापसाची वात वळली, देवापुढच्या निरांजनासाठी वळतात तशी बारीक, आणि खिळीच्या फटीतून हळूच ओढली. वात तांबडी होऊन बाहेर आली. दुसरी तशीच. तिसरी पांढरीशुभ्र. मुठीतून आलेलं हुंकारणं तिने ओळखलं. पोट भरल्यावर ऊर्मी असंच करायची!

"दुसरं काम. एक थेंब तेल. पात्याला सगळीकडे, मुठीला कुठेही नाही." पाणकाव‌ळ्याने छातीतलं एक पीस उपटून दिलं. "याने लाव."

राणीने पीस चिमटीत धरलं. बोटभर बाळाची नखं कापताना वाटते, तीच धास्ती. पण नखं तिनेच कापली होती ना आजवर? तिने श्वास रोखला. पिसाने थेंब पसरवत नेला, चंदनापासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबवला. पातं तळ्यासारखं चमकलं. मूठ कोरडीच्या कोरडी!

"तिसरं काम," पाणकावळा म्हणाला. "वस्तरा उघडा खडकावर ठेव. वारा लागू दे. सूर्य खडकामागे जाईपर्यंत मिटायचा नाही, हात लावायचा नाही."

"आणि ऊर्मी?"

"ते मला विचारू नकोस. माझी पिल्लं कधीच उडून गेली."

राणीने वस्तरा उघडा ठेवला. ऊर्मीला चकाकतं काहीतरी दिसलं, आणि ती झपाट्याने निघाली रांगत! राणीने तिला उचललं. ऊर्मीने अंग ताठ केलं, तोंड वासलं, आणि टाहो फुटला खडकावरून. भुकेचा टाहो. राणीचे पाय वस्तऱ्याकडे वळले. आवाज तिकडे होता.

मग तिने खाली पाहिलं. भूक इकडे होती.

ती मटकन खाली बसली आणि मुलीला पदराखाली घेतलं. खडकावरचं रडू उसासे टाकत शांत झालं. आजवर कितीदा मूठ थोपटली, आणि पाळण्यातलं पोर वाट बघत राहिलं!

एवढ्यात डबक्यातून धुकं उठलं. धुक्यातून ओलकंठ उभा राहिला, आणि दंवाचे थेंब पात्यावर उतरू लागले.

"अगं, मीट ते पातं!" मांत्रिक मायेने म्हणाला. "दंव पडतंय. बोट कापेल पोरीचं. कसली आई तू? मीट, लवकर मीट."

राणीचा हात उठला. अगदी हेच शब्द ती स्वतःला रोज ऐकवत होती. पात्याकडे पाहिलं, तर थेंब तेलावर टिकेनात. मोत्यांसारखे घरंगळत खाली जात होते.

"पातं उघडंच राहील," ती म्हणाली. "मुलीला मी धरलंय."

वारा सुटला. पाणकावळ्याने पंख फडफडवले. धुकं विरत गेलं, मांत्रिकही विरत गेला, आणि सूर्य खडकामागे उतरला.

दुसऱ्या दिवशी रणधीरमामा मांडी घालून बसला. लढाईत न घाबरणारा तो गडी, पण भाची मांडीवर येताच घामाने डबडबला. राजन्हावी गोंदाजीने वस्तरा उजेडात धरला. ठिपका नाही, चीर नाही, डाग नाही. चंदनाचा वास तेवढा दरवळला. पहिली बट उतरली.

मूठ गप्प झाली.

दरबार माना उंचावून बघू लागला.

आणि मामाच्या मांडीवरून, ऊर्मीच्या स्वतःच्या, दोन दात आलेल्या तोंडातून असा भोंगा निघाला की झुंबरं किणकिणली! राजा रडला, मामा रडला, नगारे झडले, आणि राणी हसत हसत म्हणाली, "रड माझ्या बाई, रड."

पाणकावळ्याने बक्षीस म्हणून दलदल मागितली. राजाने बागेचे बांध फोडून ती परत दिली. ओलकंठ आपल्या चिखलात सुखाने राहू लागला आणि कुणाच्या उंबऱ्यावर पुन्हा आला नाही.

आठवडाभरात राणी कानांवर हात ठेवून "अगं, जरा गप्प बस की!" म्हणू लागली.

वस्तरा अजून त्या राजवाड्यात आहे. पातं कोरडं, तेलाचा हात फिरलेला, आणि उघडाच, वाऱ्याला. फक्त कोनाडा सर्वांत उंच आहे, शिडी लावूनही सहज हात पोचणार नाही असा. तेवढी काळजी राणीने ठेवली. ठेवू द्या तिला.