बेटावरच्या अनंताची कहाणी

ऐका बेटाईमाते, तुमची कहाणी. आटपाट बेट होतं. चहूंकडे खारं पाणी, मधे एक गोडं तळं. तिथल्या राणीचं नाव सुलक्षणा. तिला एकुलती लेक, मालन.

बेटाचा एक रिवाज होता. सासरची होडी बंदराला लागली, की आईनं स्वतःच्या हातानं वाढवलेल्या अनंताचं फूल लेकीच्या वेणीत माळावं, मगच होडी सोडावी. फूल नसलं तर होडी रिकामी परत जाई.

मालनची सोयरीक जमली. राणीनं अनंत लावला. बेटावर शिंपले भाजून चुना करीत. राणी म्हणाली, देवाचं झाड उघड्या मातीत कसं ठेवू? तिनं भोवती चुन्याचा पांढराशुभ्र पार बांधला. पानं पिवळी पडली, झाड गेलं, होडी रिकामी गेली.

दुसऱ्या वर्षी राणीनं कुंडीत अनंत लावला. टपोऱ्या कळ्या धरल्या. राणीला वाटलं, दृष्ट लागेल. मग कुंडी उचलून महालात आणली. कळ्या टपटप गळल्या. होडी रिकामी गेली.

तिसऱ्या वर्षी फांदी खोवली. मूळ फुटलं का, म्हणून राणी रोज उपटून पाही, पुन्हा खोवी. फांदी वाळली. होडी रिकामी गेली. जाताना व्याह्यांनी निरोप ठेवला, आणखी तीन वर्षं थांबू, मग दुसरं घर पाहू.

बंदराच्या वाटेवर येसूबाय चुनेवाली राही. जन्म भट्टीवर गेलेला, हात चुन्यानं फुटलेले. पण दारातला अनंत फुलांनी लवलेला. राणी अनवाणी तिच्याकडे गेली. म्हणाली, "येसूबाय, तू कोणता वसा वसतेस? मला सांग."

येसू म्हणाली, "राणीबाय, पाराचा चुना माझ्याच भट्टीवरून नेलात. कशाला ते बोलला असतात, तर दिला नसता. मी दिवसभर चुन्यात असते, पण पाय धुतल्यावाचून झाडापाशी जात नाही. वसा सांगेन, पण तुम्हांला दम निघायचा नाही."

"निघेल," राणी म्हणाली.

मग येसूनं वसा सांगितला. हा वसा आषाढात घ्यावा. वीतभर फांदी काढावी, फार कोवळी नको, फार जून नको. खालची पानं खुडावीत. जांभ्याची तांबडी माती घ्यावी, त्यात कुजका पालापाचोळा घालावा. पाणी साचेल तिथं लावू नये. मूळ धरीपर्यंत सावली द्यावी, मग सकाळचं ऊन द्यावं. तळ्याचं पाणी घालावं, तांदळाचं धुवण घालावं. उपटून पाहू नये. कळी धरली की जागा हलवू नये. वसा पुरा केव्हा होतो? आपली फांदी दुसऱ्याच्या अंगणात जगली म्हणजे.

असं म्हणून येसूनं आपल्या अनंताची फांदी दिली. राणीनं हातात पहार घेऊन पार फोडला. चुन्याची माती खरवडून टाकली, नवी भरली, फांदी लावली. मूळ पाहायला हात शिवशिवत, तेव्हा ती ते पदरात गुंडाळून बसे. नुसतं बसून काय करायचं? मग मालन शेजारी येऊन बसे. लेक बोले, आई ऐके. पहिलं वर्ष गेलं, पालवी आली. दुसरं वर्ष गेलं, फांद्या आल्या. तिसऱ्या वर्षी एक कळी आली. तोवर मायलेकींना एकमेकींवाचून घास गोड लागेनासा झाला होता.

होडी बंदराला लागली. त्या पहाटे राणी एकटीच अंगणात आली. कळी उमलली होती. दुधासारखं फूल, अंगणभर वास. राणीच्या मनात आलं, खुडून तळ्यात टाकलं तर कोण विचारील? कळी गळली म्हणेन. होडी जाईल, लेक राहील. तिनं देठाला हात घातला. मग येसूचं बोलणं आठवलं, आपली फांदी दुसऱ्याच्या अंगणात जगली म्हणजे वसा पुरा. राणी मनाशी म्हणाली, दोन दिवसांत हे पिवळंच पडायचं आहे, मग मी राखलं काय?

मालन मागे येऊन उभी होती. म्हणाली, "आई, देतेस ना?"

राणीनं फूल खुडलं, लेकीच्या वेणीत माळलं. एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घातली. म्हणाली, "उपटून पाहू नकोस हो."

होडी सुटली. पुढच्या आषाढात सासरहून निरोप आला, फांदी जगली. राणीचा वसा पुरा झाला.

जशी बेटाई राणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. दिलेली फांदी दिल्या घरी फुलो. ही साठां पाकळ्यांची कहाणी पांचां पाकळ्यांत उमलली, सुफळ झाली.