राखेतली जखीण

फार फार पूर्वी, वाटांना नावंही पडली नव्हती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात साबण एकाच घरी व्हायचा. घरात एक आत्या आणि तिची लहानगी भाची. आत्याची नजर अधू होत चालली होती, म्हणून एका सकाळी तिने भाचीला चुलीपाशी बसवलं.

“आजपासून तू शिकायचंस.”

मुलगी हरखून गेली. पण शिकवणी सुरू झाली आणि तिचं डोकं गरगरायला लागलं.

“राखेवर पाणी ओत, खालून झिरपेल ते धरून ठेव. त्यात बोट घालू नको, जखीण चावते. ते तेलात ओतताना शिंकू नको, जखीण बिथरते. डाव्या हाताने ढवळू नको, ती रुसते. पितळेचं भांडं तर घेऊच नको. आणि वड्या पाडल्या की पुढच्या पौर्णिमेपर्यंत कुणाला द्यायच्या नाहीत. जखीण आत असते.”

“कुठली जखीण?”

“राखेतली.”

“मग ती तेलात कशी येते?”

“येते.”

“आणि पौर्णिमेला कुठे जाते?”

“माझ्या आईनं मला असलं काही विचारू दिलं नाही, आणि तुला मी देईन होय गं? ढवळ मुकाट्यानं!”

मुलगी ढवळू लागली. चावते केव्हा, रुसते केव्हा, बिथरते केव्हा, सगळं तिच्या डोक्यात कालवलं गेलं. तेवढ्यात राख नाकात गेली आणि तिला सणसणीत शिंक आली. तिने डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही.

हात भरून आला तेव्हा तिने नकळत दांडा डाव्या हातात घेतला. तरी काही नाही. मिश्रण खिरीसारखं छान दाटलं, वड्याही सुबक पडल्या. मुलगी मात्र आणखीच गोंधळली. जखीण झोपली असेल का? की ती नाहीच? पण आत्या तर कधी खोटं बोलत नाही!

चार दिवसांनी आत्या तेल आणायला गेली असताना शेजारची काकू आली. कडेवर तिचं तान्हं बाळ.

“अगं, जुनी वडी संपली. आज बाळाचं बारसं. न्हाऊ कसं घालू?”

फळीवरच्या वड्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. आदल्या रात्री आकाशात चंद्राची नुसती कोर दिसली होती. मुलीने विचार केला, शिंकेने काही झालं नाही, डाव्या हाताने झालं नाही, मग चंद्राने काय होणार?

“काकू, बसा. मीच साबण लावते.”

काकू पाय पसरून बसली, पायांवर बाळ. मुलीने वडी तळहातांवर घोळवली. फेस आला, मग चुरचुर, आणि पाहता पाहता हातांची आग आग झाली.

“काकू, बाळाला उचला! उचला आधी!”

आत्या परतली तेव्हा मुलीचे हात पाण्याच्या घंगाळात होते आणि तळव्यांची साल निघाली होती.

“मी सांगितलं नव्हतं तुला?” आत्या कडाडली.

“सांगितलं होतंस,” मुलगी हुंदके देत म्हणाली. “पण शिंकू नको हेही तूच सांगितलंस, आणि मी शिंकले तरी काही झालं नाही. त्यातलं खरं कुठलं, हे कुठं सांगितलंस?”

आत्या तिच्याजवळ येऊन बसली.

“राखेचं पाणी जहाल असतं,” ती सावकाश म्हणाली. “पितळही खातं ते. तेल त्याला हळूहळू नरम करतं, पंधरा-वीस दिवस लागतात. जखीण म्हणजे तेच.”

“आणि शिंकेचं?”

आत्याने खूप आठवून पाहिलं.

“शिंकेचं... मलाही माहीत नाही, बाळ.”

मुलीचे हात बरे होईपर्यंत त्या घरात साबण झाला नाही, आणि सारं गाव नुसत्या पाण्याने न्हालं. पण त्या दिवसांत आत्याने एकेक नियम उलगडून सांगितला, आणि जिथे कारण सापडलं नाही तिथे ‘माहीत नाही’ असं स्पष्ट सांगितलं. मोठ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे!

बोध एवढाच: मुलांना कारणाऐवजी भीती दिली, तर ती भीती खोटी ठरल्यावर खरा धोकाही त्यांना खोटाच वाटतो.