शेवटची ढेप

पूर्वी करंडक नगरात महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आले होते. नगराभोवती जिकडे बघावं तिकडे ऊस. हिवाळा लागला की गुऱ्हाळं सुरू व्हायची, काहिलीत रस उकळायचा आणि साऱ्या गावाला गोड वास सुटायचा. वडिलांच्या मागे बोधिसत्त्वांनी धंदा सांभाळला, वाढवला, आणि राजवाड्याला गूळ पुरवण्याचा मान त्यांच्याकडे आला. मान कसला, सोन्याची खाणच म्हणा. ती कशी, ते सांगतो.

राजाची राणी धारिणी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. औषधं झाली, व्रतं झाली. शेवटी तिने नगरदेवतेला नवस केला की, मुलगा झाला तर दर वाढदिवसाला त्याच्या भारंभार गूळ नगराला वाटीन. देवी पावली. मुलगा झाला, त्याचं नाव चित्ररथ ठेवलं आणि गूळतुला सुरू झाली. पहिल्या वर्षी गूळ निघाला एवढासा. घरटी एक खडा आला असेल नसेल. लोक हसले, पण त्यांनी तो आशीर्वाद देऊन जिभेवर ठेवला. पुढच्या वर्षी जरा जास्त आला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. मग हळूहळू एक गोष्ट साऱ्या गावाच्या ध्यानात आली. कुमार जितका भरेल, तितका गूळ आपल्या घरात येणार.

कुणी ठरवून काही केलं असं मी म्हणत नाही. माणसं वाईट नव्हती. पण बागेतली माळीण कुमाराला बघितलं की ओच्यातून लाडू काढायची. सेनापतीची बायको घारग्यांचं ताट पाठवायची. दारावरचा पहारेकरीसुद्धा येता-जाता त्याच्या वाटीत काकवी ओतायचा. सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती, हे खरं. त्या मायेमागे घरातलं गुळाचं रिकामं मडकं होतं, हेही तितकंच खरं. पोराला कुणी पळू दिलं नाही, कारण पळालं की अंग झडतं. वाढदिवस जवळ आला की त्याला चालूही देत नसत, पालखीतून फिरवत. सवंगडी नाहीत, खेळ नाही, म्हणून करमणुकीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लावून दिला होता. तो रात्री उशिरापर्यंत चालायचा, आणि कुमार बाहुल्यांकडे डोळे लावून, ताटात काय आहे ते न बघता खात राहायचा. सकाळी उठायचा तो उन्हं डोक्यावर आल्यावर.

राणी हे सगळं कौतुकाने बघायची. नवसाचं पोर ते. त्याच्या तोंडात घास गेला की तिचं पोट भरायचं. त्याचे दात किडून काळे पडले, तर ती म्हणाली, दुधाचेच आहेत, पडतील. चार पायऱ्या चढून तो धापा टाकू लागला, तर म्हणाली, नाजूक आहे. एकदा तिने राजवैद्याला विचारलं. त्याने नाडी धरल्यासारखं केलं आणि सांगितलं की देवी, हे बाळसं आहे. आता दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या पोराला कसलं आलंय बाळसं? पण राणीला तेच ऐकायचं होतं, आणि वैद्याच्या घरीही गूळ जात होता. आईला आपलं पोर नेहमी वाळलेलंच दिसतं, त्याला कुणी काय करावं.

दहाव्या वाढदिवसाची तुला आली. मैदान फुलून गेलं. बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. एका पारड्यात कुमाराला बसवलं होतं, दुसऱ्यात बोधिसत्त्व आपल्या हाताने ढेपा रचत होते. ढेप चढली की लोक जयजयकार करायचे. गूळ गेल्या वर्षीच्या पुढे गेला तेव्हा तर ढोल वाजू लागले. राणी चौथऱ्यावर राजाच्या शेजारी बसली होती. कुमार आपल्याकडे बघून हसतोय असं तिला वाटलं. मग तिला दिसलं की ते हसू नाही. श्वास मिळेना म्हणून त्याने तोंड उघडलं होतं. ओठ जांभळे पडले होते. त्याने आईकडे हात केला, हात अर्ध्यातच खाली पडला आणि मान खांद्यावर कलली.

राणी ताडकन उठली. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला.

"अहो थांबा, उतरवू नका. एकच ढेप राहिलीय!"

मग चहूकडून तेच सुरू झालं. एकच ढेप, एकच ढेप. माळीण ओरडत होती. सेनापतीची बायको ओरडत होती. पहारेकरी भाला उंचावून ओरडत होता. राणीने वळून त्या तोंडांकडे बघितलं. काल याच तोंडांनी तिच्या लेकराची अलाबला घेतली होती. त्यांना पारड्यात पोर दिसतच नव्हतं, गूळ दिसत होता. पण याहून भयंकर ते पुढेच आहे, आणि ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. राणी उठली होती, पण ती धावली नाही. नवस अर्धा राहिला तर देवी कोपेल, असं तिच्या मनात आलं आणि क्षणभर तीसुद्धा त्या ढेपेची वाट बघत उभी राहिली. पोर समोर गुदमरत होतं आणि जन्मदाती आई काट्याकडे बघत होती. आपण काय करतोय हे तिला उमगलं. ती मटकन खाली बसली.

शेवटची ढेप बोधिसत्त्वांच्या हातात होती. त्यांनी ती मातीत टाकली. पारड्याशी जाऊन कुमाराला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं, गळ्यातले हार तोडले, शेला सैल केला, लोकांना मागे सारून त्याला वारा लागू दिला. कितीतरी वेळाने कुमाराने खोल श्वास घेतला आणि तो रडू लागला. त्या रडण्याने राणीचा जीव भांड्यात पडला. पण लोकांत गलका उठला होता. तुला मोडली, नवस मोडला, गुळवाल्याने घात केला. राजाही संतापला. देवीचा कोप होऊन कुमाराला काही झालं, तर त्याची भरपाई तुझ्या मानेने होईल, असं त्याने बोधिसत्त्वांना बजावलं.

बोधिसत्त्व हात जोडून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"महाराज, या काट्यावर सगळ्यांत जास्त कमाई माझी होते. कुमार जितके जड, तितका माझा फायदा. तेव्हा निदान मी सांगतोय म्हणून तरी खरं माना. हे बाळसं नाही, हा रोग आहे, आणि तो आपण सगळ्यांनी मिळून पोसलाय. असंच चाललं तर पुढच्या वाढदिवसाला गूळ असेल, पारड्यात बसवायला कुमार नसतील."

राजाने वैद्याकडे बघितलं. वैद्याने मान खाली घातली, आणि ती काही केल्या वर होईना. राजाला जे समजायचं ते समजलं. त्याचा राग ओसरला, पण भीती गेली नाही. देवीला दिलेला शब्द मोडायचा कसा, असं त्याने विचारलं. बोधिसत्त्व म्हणाले की मोडायचा नाहीच, नीट पाळायचा. ज्याच्या नावाचा गूळ, त्यानेच तो वाटावा. रोज सकाळी झेपेल तेवढा पदरात घ्यावा, घरोघरी पायी जावं, आणि दारात कुणी त्याच्या तोंडात काही घालू नये. ताकभाकरी घरी येऊन खावी. राजपुत्राने दारोदार हिंडायचं हे ऐकून राजा बिचकला. तेव्हा राणी उठली आणि एवढंच म्हणाली, "जाईल तो. मी त्याच्याबरोबर चालेन."

संध्याकाळी तिने बोधिसत्त्वांना बोलावून घेतलं. बाहुल्या बंद केल्या, ताट बदललं, तर पोर आकांत करील, त्याला समजवायचं कसं, असं तिने विचारलं.

"देवी, पोर ऐकत नाही, बघतं," बोधिसत्त्व म्हणाले. "तुम्ही कधी निजता, कधी उठता, ताटात काय घेता, ते बघतं. त्याला काही सांगू नका. तुम्ही करा."

हे सांगायला सोपं होतं. राणी स्वतः तरी कधी चालली होती? पहिल्या दिवशी मायलेक वाड्याच्या दरवाजापर्यंत पोचले आणि दोघंही तिथल्या पारावर बसून हाशहुश करू लागले. कुमार रडला, लोळला, गूळ फेकून दिला. राणीने तो वेचला. रात्री बाहुल्यांसाठी त्याने घर डोक्यावर घेतलं. राणी दिवा मालवून त्याच्या शेजारी पडून राहिली. एका दासीला दया आली, तिने चोरून काकवीची वाटी दिली. राणीला ते कळलं, पण ती पोरावर ओरडली नाही. वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, मलाही फार खावीशी वाटते रे. कुमार तिच्याकडे बघतच राहिला. आईलाही हे जड जातंय, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

पुढे पुढे तो एक गल्ली चालू लागला, मग दोन. दारात कुमार उभा राहिला की आयाबाया धास्तावायच्या. लांबून गोंडस दिसणाऱ्या पोराची धाप त्यांना जवळून ऐकू यायची, काळे दात दिसायचे. मग त्यांची नजर आपल्या पोरांकडे वळायची, कारण राजाचं बघून त्यांनीही घरोघरी तसेच लाड चालवले होते. गल्लीतली पोरं आधी लांबून बघत होती, मग मागे मागे येऊ लागली. एका सकाळी त्यांनी कुमाराच्या हातात विटीदांडू दिला. तो दिवस असा गेला की गूळ तसाच पारावर राहिला. त्या रात्री जेवताना कुमाराला खरीखुरी भूक लागली होती. त्याने मुगाचं वरण आणि भाकरी मागून घेतली, आणि बाहुल्यांची आठवण काढायच्या आत तो झोपला. राणी त्याच्या उशाशी बसून रडली. दहा वर्षं आपण याला भूकसुद्धा लागू दिली नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं.

गुळाचे बाकीचे व्यापारी बोधिसत्त्वांना म्हणत, आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. ते हसून म्हणत, पायावर पडला हे बरं, पोराच्या छातीवर होता.

वर्ष सरलं. पुन्हा तुला झाली. कुमार उडी मारून पारड्यात चढला. ढेपा बघता बघता संपल्या. लोक उभेच होते, आणखी काही येईल म्हणून. मग मागून कुणीतरी कुरकुरलं की यंदा गूळ फारच कमी निघाला.

राणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सारं डोळ्यांदेखत घडून गेलं होतं, आणि तरी हे. ती चौथऱ्याच्या कडेला आली.

"ज्याला गूळ कमी वाटतो, त्याने आपलं पोर आणून या पारड्यात बसवावं. जितकं भरेल तितका गूळ मी त्याला एकट्याला देईन."

कुणी हललं नाही. आयांनी पोरांना पोटाशी धरलं. कुमार पारड्यातून उतरला आणि सवंगड्यांना हाका मारत मैदानाबाहेर पळाला. तो धापा न टाकता पळतोय, हे साऱ्या गावाने उभं राहून बघितलं.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली. तेव्हा श्रावस्तीचे उपासक रोज सकाळी बालश्रामणेरांभोवती, म्हणजे नव्याने संघात आलेल्या लहान मुलांभोवती, गर्दी करीत. ज्याचा मोदक श्रामणेर खाईल त्याला पुण्य, म्हणून एकाने भरवलं की दुसरा पुढे सरसावायचा. मुलं सुस्तावली होती, ध्यानाला बसली की पेंगत होती. कुणी नाही म्हटलं तर दाते रुसायचे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. राणी ती राहुलमाता, कुमार तो राहुल, आणि गुळाचा व्यापारी मीच होतो."

पुढे बसलेल्या एका उपासकाने विचारलं की, भगवन्, एकच ढेप म्हणून ओरडणारे ते नगरजन कोण होते? त्याच्या मांडीवर मोदकांची टोपली होती.

"ते तुम्ही," शास्ते म्हणाले.

उपासकाने टोपली मांडीवरून खाली ठेवली. गप्प राहण्यात स्वतःचाच लाभ असताना खरं बोलणं, ही सत्य पारमी, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पूर्ण केली.