वाकड्या पडवळाचं बी

भाज्या एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. पडवळं सरळ वाढावीत म्हणून सगुणाबाई प्रत्येक कोवळ्या पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधत. एका पडवळाला ते ओझं नको झालं. वाऱ्यावर हेलकावे खाऊन त्याने दगड झटकून टाकला, आणि वाढता वाढता त्याचं पार वेटोळं झालं.

सरळ पडवळं बाजारात गेली. हे एकटंच मांडवावर राहिलं. शेजारचा दोडका रोज चिडवी, "काय पडवळराव, शिंग व्हायचा बेत आहे का?" पडवळ मनात हळहळे, 'तेव्हा जरा सोसलं असतं तर!'

ते पिवळं पडू लागलं, तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "राहू दे हे बियाण्याला."

पडवळ घाबरून वेलीला म्हणालं, "आई, माझी पोरंही अशीच वाकडी निघतील गं!"

वेल हसली. "वेड्या, वाकडं तुझं अंग झालंय. बी अजून भरायचंय. झुरत बसलास तर तेही पोचट राहील."

पडवळाने मग आपल्या बाकाकडे बघणं सोडलं आणि उरलेलं सगळं बळ बियांत ओतलं.

पुढच्या वर्षी मांडव कोवळ्या पडवळांनी भरून गेला, आणि सगुणाबाई पदरात दगड वेचू लागल्या.