बोराटी आणि लिंबाचं रोप

फार मागं एका माळावर वणवा लागून सगळं जळालं. राखेतून आधी बोराटी फुटली. तिच्या काट्यांत पाखरानं लिंबोळी टाकली, तिचं रोप झालं.

"मावशी, जरा सरक की! मला ऊन मिळत नाही," रोप रोज कुरकुरायचं.

"सरकेन बाळा, शेळ्या तेवढ्या येऊन जाऊ देत," बोराटी म्हणायची.

मग शेळ्या आल्याच. माळावरची कोवळी रोपं त्यांनी बुडापासून खुडली. बोराटीचाही वरवरचा पाला ओरबाडला, पण आत तोंड घालताच नाकाला काटे टोचले नि त्या शिंकत पळाल्या.

रोप हळूच म्हणालं, "मावशी, तू पार उघडी पडलीस गं!"

"पाला काय, आठ दिवसांत येतो. तुझा शेंडा गेला असता तर?" असं म्हणून बोराटी निवांत नवे कोंब काढू लागली.